ऐकणारे हजार

३ डिसें., बुध.
पेणला जाऊन आलो. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम दर बुधवारी तिथं येतात. नितीन नाइट शिफ्ट करून आला आणि तसाच झोपेच्या डोळ्यांनी आम्हाला घेऊन गेला. लेकाला ताण तरी किती द्यावा.

कापणीत झटका आला तेव्हापासून ह्यांची उजवी बाजू लुळी, वाचा बंद. मॅडम पोरवयाची, आमच्या वैशालीपेक्षाही लहान. चित्रं दाखवली. गाय, घर, पेला. हे नुसते बघत बसले. मग माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, "बाबा, ह्या कोण? यांचं नाव सांगा." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा मान खाली. बाहेर आल्यावर नितीनला हळूच म्हणाली, बाबा बहुतेक आईंना ओळखत नाहीयेत.

झटका ह्यांना आलाय. माझ्या कानांना नाय.

४ डिसें.
सकाळपासून डोक्यात तेच. भाकरी करपली.

ह्यांनी माझं नाव घेतलंय कधी? लग्न होऊन खांबला आले तेव्हापासून मी "गो". "गो, चा ठेव." "गो, डबा झाला का?" रोह्याहून कंपनीतनं आले की फाटकातूनच "गो". ओटीवर सासूबाई बसलेल्या, त्यांच्यासमोर बायकोचं नाव घ्यायची कोणाची छाती! त्या गेल्या, पण सवय तीच राहिली. आणि मी तरी ह्यांचं कुठं घेतलं? ह्या वहीत सुद्धा "हे"च. जे नाव धडधाकट असताना तोंडाला लावलं नाय ते आता वाचा गेल्यावर मागतात. नाय सांगितलं की म्हणे ओळखत नाय. चांगला न्याय हाय.

पण मान खाली का घातली? माहीत असतं तर डोळ्यांत काहीतरी दिसलं असतं की.

८ डिसें.
हाताला तेल चोळलं. बोटांची मूठ सुटता सुटत नाय. जेवताना घास उजव्या गालात तसाच राहतो, बोट घालून काढावा लागतो. हे तेव्हा डोळे मिटून घेतात. लाज वाटते त्यांना, कळतं मला. मला नाय वाटत. रडू येतं, पण ते वेगळं.

१० डिसें., बुध.
मॅडमना त्या "गो"ची सगळी गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं बिचारीनं. म्हणाली, मग "गो" तर "गो", तेच बोलायला लावा. आणि तुम्ही बाबांना नावानं हाक मारा, मोठ्यानं, येता-जाता. स्वतःचं नाव ऐकून माणूस लवकर जागा होतो म्हणे.

मी सांगितलं, ते नाय जमायचं.

"का हो?"

का काय. नवऱ्याचं नाव काय रस्त्यावर पडलंय? नितीन म्हणतो, आई, जग कुठं चाललंय. जाऊ दे जगाला. मला खांबला जायचं होतं.

१९ डिसें.
बोलले!!

कोळीण आलेली. ओटीवर टोपली उतरवली. हे खुर्चीत होते. तिच्याकडे बघून स्वच्छ, "गो". मी आत होते, हातातला तांब्या टाकून धावले. वैशालीला फोन, नितीनला फोन. बोंबलाचा वाटा भाव न करता घेतला, कोळीण बघतच राहिली.

संध्याकाळपर्यंत पेल्याला गो, पंख्याला गो, मांजराला गो. नितीन आला, त्यालाही गो. तो हसून म्हणाला, "आई, बघ, मी पण गो." मी पण हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

एवढी वर्षं वाटायचं तो शब्द माझा हाय.

४ जाने., रवि.
नितीननं पोपटी लावली, शेंगांचं मडकं जाळात. दरवर्षी मडकं हे भरायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाय. ह्या वर्षी हे खुर्चीत आणि पोरगं वालाच्या शेंगा भरतंय. मध्येच ह्यांनी आरडाओरडा मांडला. "गो, गो, गो," आणि डाव्या मुठीनं खुर्चीचा हात दाबतायत. लघवीला असेल म्हणून आम्ही दोघांनी उचलून मोरीत नेलं. तिथं तर आणखी चिडले.

शेंगा निम्म्या कच्च्या निघाल्या. तेव्हा पेटली माझी ट्यूब. मडक्याच्या तोंडाशी भांबुर्डीचा पाला नितीननं सैल कोंबला होता, वाफ निघून गेली. हे सांगत होते, पाला दाबून भर. आणि आम्ही त्यांना मोरीत बसवलं.

म्हणजे आत सगळं हाय. पोपटी हाय, पाला हाय. मग मी कुठं हाय त्यात?

१६ जाने.
संक्रांतीचं हळदीकुंकू. ह्या वर्षी करणार नव्हते, नितीनच म्हणाला कर. बायका आल्या आणि नाव घे म्हणून मागे लागल्या. घेतलं. उखाण्यात चालतं, तिथं यमकाच्या आडोशानं नाव निघून जातं. माझा आवाज मात्र हलला.

मग माझी चुलत जाऊ म्हणाली, तुझ्या लग्नात भावोजींनी घेतलेलं आठवतं का गो? आठवतं तर. न आठवायला काय झालं.

कुंडलिकेच्या काठी भरतो बाजार,
सुनंदाचं नाव घेतो, ऐकणारे हजार.

ऐकणारे हजार कसले, शे-सव्वाशे माणूस होतं मांडवात. त्यावरनं केवढी थट्टा झालेली. माझं नाव ह्यांच्या तोंडून ऐकलं ते तेवढंच. पुन्हा नाय.

१८ जाने.
आज करून बघितलं. समोर बसले आणि म्हटलं, "कुंडलिकेच्या काठी भरतो बाजार…" आणि थांबले.

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले. मग,

"हजार."

मधलं सगळं गाळून थेट हजार! पुन्हा म्हटलं. पुन्हा हजार. दिवसभर तेच. पहिली ओळ माझी, शेवटचा शब्द ह्यांचा, नाव तेवढं मधल्या मध्ये बेपत्ता. हसावं की रडावं कळेना. हसलेच शेवटी. हे पण हसले, अर्ध्या तोंडानं.

२१ जाने., बुध.
मॅडमना ऐकवलं. खूश झाली. पण म्हणाली, पाठ असलेलं असं आपोआप येतं, त्याचा अर्थ बाबांना कळतोच असं धरू नका. खरं तेच सांगितलं पोरीनं, राग तरी कसा धरू.

आणि एक मी तिला सांगितलं नाय. पेल्याला अजून गो, पंख्याला गो, नितीनला गो. पाणी हवं झालं, कूस बदलायची झाली की मला हाक येते ती "हजार". फक्त मला. नजर ठेवून आहे मी. म्हणेना का मॅडम काय म्हणायचं ते.

१ फेब्रु., रवि.
वैशाली आली सासरहून, हमरापूरहून. त्यांच्याकडे गणपतीच्या मूर्तींचं काम आतापासूनच, नखांत रंग तसाच घेऊन आली. ह्यांनी तिला बघितलं आणि रडायला लागले. तिचा हात धरून, "हजार. हजार."

ती वेडी झाली आनंदानं. "आई, अप्पांनी मला हाक मारली." मी म्हटलं, व्हय गो बाय, मारली. आणि भात बघायला आत गेले. भात केव्हाच झाला होता.

पोटच्या पोरीचा हेवा वाटला आज. लाज वाटते लिहायला. सगळे म्हणतात ती माझ्यावर गेलीय. मी लग्नात होते तशीच दिसते म्हणे. तसं असेल. किंवा हजार म्हणजे आता ह्यांना कोणीही घरचं माणूस. किंवा मॅडम म्हणाली तेच खरं, कायच नाय.

४ फेब्रु., बुध.
पेणला गेलो नाय, नितीनची फर्स्ट शिफ्ट.

दुपारी घरात आम्ही दोघंच. मऊ भात भरवत होते. भरवता भरवता नाव घेतलं ह्यांचं. उखाणा नाय, काय नाय, नुसतं नाव, मोठ्यानं, मॅडमनी सांगितलेलं तसं. इथं अजून लिहीत नाय.

हे दचकले. आधी ओटीकडे बघितलं, सासूबाई बसायच्या तिकडे. मग माझ्याकडे. मग डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला.

गप केलं मला? की नुसताच हात आला? कोणाला विचारू. बराच वेळ ठेवला होता. मी पण हलले नाय. भात गार झाला, पुन्हा गरम करून भरवला.