हरल्याची धून

बाबा, तुमच्या लाल कोटाची मला लाज वाटायची. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. माझी ती सवय तुम्हाला माहीत आहे. हिंगण्याच्या कारखान्यातल्या तुमच्या खाकी कपड्यांचं मला काही वाटत नव्हतं, कारण आपल्या गल्लीतले निम्मे लोक तसेच दिसायचे. पण लग्नसराई आली की तुम्ही तो सोनेरी झालरीचा कोट आईकडून इस्त्री करून घ्यायचात, स्वयंपाकघराच्या दारात बसून क्लॅरोनेटची पट्टी जिभेवर ओली करायचात आणि महाल भागातल्या बँडच्या दुकानाकडे सायकलवर निघायचात. तुम्ही गल्लीतून जात असताना मी पाणी प्यायला आत पळायचो. दरवेळी नेमकी तेव्हाच मला तहान लागायची.

सतराव्या वर्षी मी कॉलेजात गेलो आणि धरमपेठेतल्या दोन मित्रांनी मला रॉक ऐकवलं. एकाच्या मोठ्या भावाकडे परदेशातून आलेल्या तबकड्या होत्या. आम्ही त्या पंखा बंद करून ऐकायचो, कारण पंख्याच्या घरघरीत गिटारचे बारकावे जातात असं त्या भावाचं म्हणणं. नागपूरचा मे महिना, बंद खोली, आणि तिघं जण घामानं निथळत, कोणीतरी गेल्यासारखा गंभीर चेहरा करून बसलेले! निम्मे शब्द कळायचे नाहीत. पण अल्बम म्हणजे सलग ऐकायची एक लांब गोष्ट असते, त्यातलं एखादं गाणं उपटून काढलं की ते अर्धं मरतं, हे मला तिथे उमगलं आणि आजही मला ते खरं वाटतं. त्याच खोलीत एकदा मित्रानं विचारलं, तुझे बाबा काय करतात? मी म्हटलं, रेडिओवर क्लॅरोनेट वाजवतात. वाद्य तेवढं खरं सांगितलं.

त्याच सुमारास बर्डीवरच्या बाजारात एका गाळ्यात व्हिडिओ गेमची चार यंत्रं आली. माझं आवडतं यंत्र विहिरीचं होतं. बोटाएवढा माणूस शिडीनं वर चढतो आणि वरून दगड पडत राहतात. मला खेळापेक्षा त्याच्या संगीताचं वेड लागलं. एका वेळी जेमतेम तीन सूर काढू शकणारं ते यंत्र, आणि कोणीतरी त्यात ताल, खर्ज आणि चाल असं सगळं कोंबून बसवलं होतं. मित्र त्याला पिपाणी म्हणायचे. मी वाद घालायचो की ज्याच्याकडे तीनच आवाज आहेत त्याला एकही सूर वाया घालवता येत नाही. हे वाक्य माझंच आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. खरं तर बँडमधली माणसं दांडी मारायची आणि तिघांवर वरात न्यायची वेळ यायची, तेव्हा तुम्ही असंच काहीतरी म्हणायचात.

कंपनीची बस तुम्हाला बर्डीवर सोडायची. मी तिथे असतो हे कळल्यापासून तुम्ही हातात डबा घेऊन गाळ्याबाहेर उभे राहायला लागलात. आत कधी आला नाहीत, आणि मित्र तोवर घरी गेलेले असायचे. "खेळ गा तू, मी आहो उभा," एवढंच म्हणायचात. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर पहारा ठेवता. तुम्ही तर चाल पाठ करत होतात.

मग ते धरमपेठेतलं लग्न. गोरज मुहूर्त होता, ऊन नुकतं कलत होतं. आम्ही तिघं कोपऱ्यावर उसाचा रस पीत उभे आहोत आणि वरात वळून आमच्याच रस्त्यावर येते. सगळ्यात पुढे तुम्ही. मी गाड्याच्या मागे सरकतो, पण तोवर तुम्ही मला पाहिलेलं असतं. तुमचा चेहरा एकदम उजळतो. तुम्ही हात वर करून ढोलवाल्यांना थांबवता, दम घेता, आणि क्लॅरोनेटमधून माझ्या विहिरीतली धून बाहेर पडते. सात सूर, वरून खाली घरंगळत येणारे, आणि शेवटी दोन बारीक ठोके. एकही सूर इकडचा तिकडे नाही. पण बाबा, ती हरल्याची धून होती. दगड लागून माणूस मेला की यंत्र ती वाजवायचं.

"अबे, हे तर मेल्याचं बे!" मित्र ओरडला. "गेला नवरदेव!" दोघंही पोट धरून हसत सुटले. त्यांना हसताना पाहून तुम्हाला वाटलं, पोरांना आवडलं. तुम्ही पुन्हा वाजवलीत, या खेपेला मुरक्या घालून, आणि वाजवत वाजवत आमच्यापर्यंत आलात. फर्माईश करणाऱ्यापुढे बँडवाले वाकतात तसे माझ्यापुढे वाकलात आणि दम घ्यायला थांबलात. मित्रानं विचारलं, "हा बँडवाला ओळखते का बे तुले?" मी म्हणालो, "मी काहून ओळखू त्याले? हे लोक कोणासमोरही वाकतात."

तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होतात. तुम्ही सरळ झालात, टोपी नीट केलीत, ढोलवाल्यांना खूण केलीत आणि वरात पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार खायच्या तयारीनं स्वयंपाकघरात आलो. आई पोळ्या लाटत होती. तुम्ही बशीत चहा ओतला आणि विचारलंत, "धून बरोबर धरली होती ना गा? महिनाभर ऐकून राहिलो होतो. जो तुकडा घडी घडी ऐकू ये, तोच मुखडा असन म्हटलं." सुरुवातीची धून एका डावात एकदाच वाजायची आणि माणूस तीनदा मरायचा, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कसं कळावं? तुमचा अंदाज कुठल्याही गाण्यात बरोबर ठरला असता. माझ्या खेळात घडी घडी ऐकू येत होतं ते माझं हरणं. कोपऱ्यावरच्या त्या वाक्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. मी तिथेच तुमचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी चिडलो. "मयतीची धून होय ते. माणूस मेला का वाजते. तुम्ही लग्नात मयत वाजवली."

आईचं लाटणं थांबलं. "पोरीच्या मांडवासमोर?" तुम्ही हळूच म्हणालात. चहा तसाच ठेवून उठलात आणि देवळात जाऊन नारळ फोडून आलात. नवरीचं नाव माहीत नव्हतं, म्हणून कालची नवरी सुखी राहू दे असं देवाला सांगितलंत, हे मला आईनं नंतर सांगितलं.

त्यानंतर तुम्ही पुढे उभं राहून वाजवणं सोडलं. दुकानात सांगितलंत की मशीनच्या आवाजानं कान गेले, आता सूर धरता येत नाही. कारखान्यातल्या माणसाचं हे सगळ्यांना पटलं. क्लॅरोनेट दुसऱ्याकडे गेली आणि तुम्ही मागच्या रांगेत झांजा वाजवायला लागलात. तुमचे कान शाबूत होते. आई माझ्या बाजूनं पुटपुटली तरी तुम्हाला ओसरीवर ऐकू जायचं. मला सगळं कळत होतं. आणि मला बरं वाटलं होतं, बाबा. मागच्या रांगेतला माणूस कोणाला दिसत नाही, म्हणून बरं वाटलं होतं. इतकी वर्षं मी सुरांवर बोलतो, लिहितो, पोरं मला जाणकार समजतात, आणि तुमचे सूर बंद पडले तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. परवा एका कार्यक्रमात जुन्या गेमच्या संगीतावर बोललो आणि तुमचा हा किस्सा सांगितला. अधूनमधून सांगतो मी तो. माझ्या किस्स्यात तुम्ही माझ्यापुढे वाकता, मी मित्रांना म्हणतो, हे माझे बाबा, आणि आम्ही तिघंही तुमच्यापुढे भर रस्त्यात नाचतो. लोक टाळ्या वाजवतात. परवा माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. घरी येताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आबांना तुमच्यासारखा मुलगा मिळाला, नशीबवान होते ते." मी हो म्हणालो.

तुमची माफी मागायची म्हणून हे लिहायला बसलो होतो. आता लिहून झालंय, आणि माझ्या मनात एकच चाललंय, की हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकला पाहिजे.