उत्तरेकडची भिंत

२ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले, वेळेवर जेवते. आईला एवढंच वाचून दाखवा, पुढचं तुमच्यासाठी.

या जुन्या वाचनालयाच्या दुरुस्तीचं काम मिळालं म्हणून नाचत आले, पण चार दिवस झाले, जिवाला चैन नाही. उत्तरेकडची भिंत पाझरतेय. दगडी भिंत, तिला मुळात चुन्याचा गिलावा होता. कुण्या दीडशहाण्याने तो खरवडून वर सिमेंट थापलंय! चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. आता दगडाला बोट लावलं की भुगा होतो, आणि खालच्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आलीय. तो गवंडी भेटू दे, त्याच्याच घमेल्यात बसवते त्याला.

वाचनालयाची समिती म्हणते, भिंत मुळातच कुजकी, इमारत पाडा. वीस तारखेला माझा अहवाल पाहून निर्णय. भिंत पूर्वी धड होती हे सिद्ध कसं करू? तुम्ही चाळीस वर्षं गवंडीकाम केलंत, काही सुचवा ना.

चिडचिडीसकट माया असू द्या.

तुमची धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

घमेलं मोठं आण, माझं पोट सुटलंय. तो दीडशहाणा मीच.

तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. ठेकेदार म्हणाला, जुनाट दिसतंय, गुळगुळीत करून टाक. मी केलं. वर तुझ्या आईला मिरवत दाखवायलाही नेलं. पत्र आल्यापासून घरभर येरझाऱ्या घालतोय. ती विचारते, पायाला चाकं लावलीत का. काय सांगू तिला?

तू हवा तो उपाय कर, पण अहवालात माझं नाव नको. चारचौघांत या हातांची अब्रू आहे, ती म्हातारपणी घालवू नकोस.

रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.

बाबा

११ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आधी हसले, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय काय बोलून बसले मी! पण बाबा, माझ्या माफीने भिंत वाचायची नाही. तुम्ही चुना काढलात तेव्हा आतले दगड कसे होते? ते पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. ठेकेदार गेला, फोटो एकही नाही. तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत तर समितीला ऐकावं लागेल. निनावी कागदाला कोण विचारतं?

जबरदस्ती नाही. पण मग अहवालात काय लिहू, तेही तुम्हीच सांगा. खोटं लिहायला तुम्ही मला शिकवलं नाहीत.

उत्तर काहीही असो, मी तुमचीच.

धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

सोबत कागद आहे. तुझ्या आईला वाचून दाखवला. म्हणाली, सही जरा मोठी करा.

एक गोष्ट त्यात लिहायला हात धजला नाही. तो चुना निघता निघत नव्हता. नऊ दिवस ठोकत होतो, छिन्न्या बोथट झाल्या. आत दगड खडखडीत कोरडे, सांध्यात नख शिरेना. तेव्हाच कळलं होतं पोरी, की हे माझ्याहून चांगल्या गवंड्याचं काम आहे. तरी ठोकत राहिलो, कारण तसं काम मला येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची लाज वाटली. हे तू अहवालात घाल. नावासकट.

भिंत राहिली तर लगेच कळव. सिमेंट मी काढतो. चुना कसा लावायचा ते मला शिकव.

हात अजून चालतात.

बाबा