गाठ आहे म्हणे

तीर्थरूप बाबा,
तुमच्या लेकीचं उमरेडच्या उंबऱ्याले डोकं टेकून सांगणं, की मी बरी आहे.

इथं धंतोलीच्या दवाखान्यात गळ्याची सोनोग्राफी करून आली. काही दुखत नाही. थंडगार जेल लावते अन् मशीन फिरवते. डॉक्टरबाईनं "गिळा" म्हटलं, तर पडद्यावर थायरॉइड मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यासारखी सरकली.

मग त्या म्हणाल्या, "गाठ आहे." मले बरंच वाटलं! आपल्या मागावर गाठ म्हणजे तुटलेला धागा जुळला. मी हसली. त्या हसल्या नाही.

सोमवारी सुई टाकून तपासणार आहे. बहुतेक गाठी साध्याच राहते, म्हणे. मायची गाठ तर पदराखालीच राहिली, तिचा आवाज बसत गेला, ती गेली तरी कोणी तपासली नाही.

तुमचा खोकला कसा आहे? माग झाकून ठेवता ना?

मी फोन काहून उचलत नाही म्हणून रागावू नका. माहा आवाज बसला आहे. काल शेजारच्या प्रीतीले हाक मारली, अन् मीच दचकून मागं वळली. वाटलं, माय बोलली.

तुमची सुताच्या कांड्या भरणारी,
मयुरी