बैठं काम की जड कष्ट

९ मार्च २००३, रवि.
शेठच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. चौसष्ट किलो. शेठ म्हणाले, "राव, तुमाला गव्हाच्या भावात लावू का बाजरीच्या?" सगळं दुकान हसलं.
मामा हसले नाहीत. यात्रेच्या बैलगाडा शर्यतीत, घाटात बैलांच्या पुढे त्यांची घोडी पळवायची तर साठाच्या आत यायचं. "घोडीला बोलता येत नाय, म्हणून मी बोलतो. न्हाईतर यंदा सुन्या बसंल." सुन्या त्यांचा धाकटा. वाळकी काडी. शाळा सोडली तेव्हापासून त्या घोडीवर मी बसतोय.

११ मार्च, मंगळ.
मंचरला डॉ.कडे. त्यांनी छापील कागद दिला. तीन ओळी: बैठं काम, मध्यम, जड कष्ट. ओळ निवडायची, तिच्यापुढे दिवसाच्या कॅलरी दिल्यात, त्याहून थोडं कमी खायचं. मागच्या बाजूला भाकरी, भात वगैरे. 'बैठे'चं 'बेठे' छापलंय. पेनाने नीट केलं.
पण माझी ओळ कोणती? दिवसभर भुईकाट्यावर खुर्चीत. ट्रक आला की बटण, पावती. पण पहाटे घोडी फिरवतो. रविवारी कांद्याला पाणी.
आईने कागद बघितला. "बैठं? शेतकऱ्याचं पोर बैठं लिव्हणार? मग पोरगी कोण दील तुला?"
जड कष्टावर खूण केली. चार भाकरी बसतात.

१७ मार्च, सोम.
होळी. पुरणपोळी कागदावर नाही. एक पोळी म्हणजे एक भाकरी धरून दोन खाल्ल्या. दोनच का, ते आईला पटेना.

२३ मार्च, रवि.
पासष्ट!! एक भाकरीही जास्त खाल्ली नाही. सगळं लिहिलेलं आहे. मग हे कसं?
सुन्या काट्याजवळच उभा होता. "दादा, कागद खाल्लास का काय?"

२५ मार्च, मंगळ.
डॉ.ना कागद दाखवला. विचारलं, रविवारी जड आणि बाकी दिवशी मध्यम अशा दोन खुणा चालतील का? "एकच करायची. दिवसाचा जास्त वेळ काय करता?" घोडीवर बसतो म्हणालो. "किती वेळ?" अर्धा तास. "आणि पळतं कोण?"
घोडी.
"मग कॅलरी तिच्या."
एकदा बसून बघा म्हणावं. मांड्या अशा भरून येतात की...
येताना एसटीत जागा मिळाली. बसलो. मग उठून उभा राहिलो. काय उपयोग.

२६ मार्च, बुध.
खोडरबराने जड कष्टावरची खूण पुसली. कागद फाटला थोडा. बैठ्यावर खूण केली. दोन भाकरी. आई ताट आपटून गेली. अण्णा बाहेरूनच म्हणाले, "आमच्या घरात बैठं कुणी नव्हतं." खोटं नाही ते. पण पोराला भुईकाट्यावर चिकटवलं तेही अण्णांनीच ना?

६ एप्रिल, रवि.
त्रेसष्ट. डोकं दुखतं. काल एका ट्रकची पावती दुसऱ्याला दिली. ड्रायव्हर म्हणाला, "जेवला न्हाई का, भाऊ?" सगळ्यांना माझं जेवणच दिसतं.
आईने आज आपणहून दोनच वाढल्या. पण आकार बघा! परातीएवढ्या. मी म्हणालो, आई, कागदावरची भाकरी लहान असते. "मग कागदच खा."

१३ एप्रिल, रवि.
एकसष्ट. मामांनी स्वतः काटा वाचला. "हं." एवढंच. सुन्याचं वजन करायची गरजच नव्हती, तरी केलं. बावन्न.
परत येताना मामांनी विचारलं, "भुईकाट्यावर दिसभर करतो काय तू?" दरवर्षी काहीतरी मोठं सांगतो. आज म्हणालो, बसतो.
ते थांबले. "घोडीला कळलं व्हतं ते मागंच," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

१५ एप्रिल, मंगळ.
उद्या यात्रा. आज शेठच्या काट्यावर वजन करायला गेलो नाही, धीरच झाला नाही. संध्याकाळी घोडीला धुतलं, मी आणि सुन्याने मिळून. तो पाणी ओतत होता, मी चोळत होतो. ती माझ्याच खांद्यावर तोंड घासत होती, पण तिला खाज सुटली की जो जवळ असेल त्याच्यावर घासते, त्याचं काही खरं नाही.
मामांनी दोघांनाही पहाटे बोलावलंय. लगाम खुंटीला टांगून ठेवला. कुणाच्या हातात देणार ते बोलले नाहीत. विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "पळायची आपली बारी आली की त्या टायमाला बघू."
आता आई चुलीपुढून विचारतेय, "उद्याच्या फडक्यात किती भाकरी बांधू?"
कागद समोर आहे. उद्या जड कष्ट की बैठं, कसं सांगू तिला?