तिसऱ्या गिअरचा आवाज

५ मार्च

बाबांची जीप तिसऱ्या गिअरला रडते! सांगितलं तर म्हणाले, तुझे कान वाजतात. तीस वर्षं नुसत्या आवाजावरून गिअरबॉक्सचं दुखणं ओळखणारा माणूस — त्याच्यापुढे मी काय बोलणार? पण बोललेच. चौदा तारखेला ते डॉक्टरबाईंना वरच्या वस्तीवर नेणार. ऐन घाटात गिअरबॉक्सनं राम म्हटला तर? तर म्हणे, खाली तेलाचा एक थेंब तरी दाखव. नाही थेंब. तरी माझंच खरं.

९ मार्च

बाबा दोन दिवस आत्याकडे. मी लगेच गाडीखाली! आईनं कपाळावर हात मारला.

आधी वरचा बोल्ट, मग खालचा — ही बाबांचीच शिकवण. तेल सोडून बसलं आणि वरचा अडला, तर भरणार कुठून? ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना जोर वाटून देणारा डबा, त्याचा वरचा बोल्ट काढला तर तेल भळाभळा कोपरापर्यंत. खूश झाले — भरपूर आहे की! मग त्याला जोडलेल्या गिअरबॉक्समध्ये बोट घातलं. बोटाला तेलच लागेना.

दोघांमधलं तेल अडवणारं सील गेलंय! याचं तेल गुपचूप त्याच्या घरात. जमिनीवर थेंब पडेलच कसा?

१० मार्च

ट्रान्सफर केस उतरवली. काय धूड आहे! आई जॅकपाशी, तोंडाचा पट्टा अखंड चालू. नवं सील बसवलं, दोन्हीकडे ताजं तेल भरलं. जुन्या तेलात झिजलेल्या पितळेचा चुरा चिमूटभरच — वेळेत उघडलं. हुशार आहे बाई मी!

११ मार्च

टेकडीवर नेऊन आणली. तिसरा गिअर एकदम गप्प. फोर-व्हील पहिल्याच झटक्यात लागलं. संध्याकाळी बाबांनी फेरी मारली. म्हणाले, "आधीही अशीच चालत होती." डोंबल! पडलो तरी नाक वर.

१२ मार्च

बाबा रुसलेत. चहा घेता का म्हणून दोनदा विचारलं, उत्तर नाही. रुसू देत.

१३ मार्च

उद्या घाट, म्हणून बाबा जीप धुवायला मागे घेत होते. मागे आई वाकून बादली भरत होती. मी ओरडले — बाबा, थांबा! तीनदा ओरडले. कोपऱ्यावरचा शिंपी दुकानाबाहेर धावत आला. बाबा मागे येतच राहिले. आईला मी दंडाला धरून ओढलं.

बाबा उतरले. चेपलेली बादली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"अगं, हाक तरी मारायचीस."