दादाला सांगितलेली जर्मन कादंबरी

४ मार्च, मंगळ.
जर्मन क्लासच्या बाईंनी कादंबरी वाचायला लावलीय. तुरुंगातून सुटलेल्या माणसाची. नेमकी.
घरी आल्यावर दादाला फोन. तुरुंगातून सुटून साताऱ्याला आईकडे आलाय तेव्हापासून उंबऱ्याबाहेर नाही. रागाच्या भरात एकाला ढकललं, तो जिन्यावरून पडून पायाने अधू झाला. दादाची तीन वर्षं गेली. फोनवर नुसतं हं, हं. बोलायला काही सुचेना म्हणून त्या कादंबरीचंच सांगत बसले. नको होतं बहुतेक.

९ मार्च, रवि.
त्याने स्वतःहून फोन केला! "तुझ्या त्या जर्मनाचं पुढे काय झालं?"
सांगितलं. बहिणीकडे राहतो, सकाळी उठला की तुरुंगातल्यासारखा हजेरीसाठी पलंगाशी ताठ उभा. बहीण हसते.
दादा म्हणाला, "मीपण राहतो उभा. आईला माहीत नाही."
इथल्या सेंगकांग मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी तशीच थांबले.

१५ मार्च, शनि.
संपवली. शेवटी तो पहाटेच्या गाडीने निघून जातो. बहिणीला न सांगता. कुठे, ते लिहिलेलंच नाही.
हे दादाला कसं सांगू? बदलून सांगितलं तर? इराला विचारलं. नऊ वर्षांची पोर इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणते, "कॅनॉट लाह, मम्मा. दॅट्स चीटिंग."

१६ मार्च, रवि.
खरं तेच सांगितलं. दादा चक्क चिडला. "न सांगता? बहीण शोधत बसेल ना! मूर्ख आहे लेकाचा." किती दिवसांनी आवाज चढला त्याचा. बरं वाटलं. थोडी भीतीही.
मग एकदम, "जगतापकाकांच्या गॅरेजवर जाऊन येऊ का? पूर्वी कामाला होतोच तिथे."
"जा की."
"सगळं सांगेन त्यांना. माहीत असलं तरी."

२१ मार्च, शुक्र.
ऑफिसात असताना आईचा फोन. दादा गेला होता! चालत. काका म्हणाले, सोमवारपासून ये, महिनाभर बघू. गिऱ्हाईक काही बोललं तर तू गप्प बसायचं, मी बघेन.
पॅन्ट्रीत जाऊन रडून घेतलं. परक्या देशात, चांगीतल्या या ऑफिसात कुणाला काय सांगू.
पण खरंच कुणी काही बोललं तर? त्याचा राग...

२३ मार्च, रवि.
संध्याकाळी दादाचा फोन. "उद्या डब्यात काय नेऊ?"
"पोळी-भाजी ने."
"काका एकटेच जेवतात गं. त्यांच्यासाठी दोन पोळ्या जास्त नेल्या तर? पहिल्याच दिवशी बरं दिसेल का?"
"दिसेल की."
"भाजी?"
"वांग्याची."
"त्यांना वांगं चालत नसेल तर?"
बटाट्यावर आलो. मग पुन्हा वांग्यावर. आईला विचारून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.