स्टाफ क्वार्टर

१२ मार्च १९७१, वेल्हे
आजपासून मी पर्मनंट. म्हणजे जवळपास. काँट्रॅक्टर मानसिंगशेट म्हणाले, साहेबराव, रस्ता सरकारी, तेव्हा तुम्हीही सरकारीच समजा. टाइमकीपरला सवलत म्हणून क्वार्टर दिली. पत्र्याची खोली, पण खिडकी आहे. आधी सुरुंगवाला भिमा राहायचा. गेल्या महिन्यात दरडीखाली सापडून गेला. खोली झाडून घेतली.

१४ मार्च, दुपार
खोलीत कोणीतरी खोकलं. बाहेर येऊन पाहिलं, कोणी नाही. पत्रा तापला की वाजतो. निश्चय : असल्या गोष्टी डोक्यात घ्यायच्या नाहीत.

१९ मार्च
भिमाची बायको अंबूबाई आली. उंबऱ्याशीच बसली. म्हणाली, सायेब, सरकारी कामावर माणूस गेला, आमाला काय मिळंल का न्हाई? मी तिला दवाखाना, रजा, भरपाई, सगळं समजावलं. शेटना उद्याच सांगतो म्हणालो. जाताना म्हणाली, त्येंचा खोकला लई होता, धुळीनं.
खोकल्याचं मी तिला बोललो नव्हतो.

२० मार्च
शेटचा मूड नव्हता.

२७ मार्च
विचारलं. शेट म्हणाले, भिमा मुकादमाचा माणूस. मुकादम चिमाजी म्हणाला, सरकारचा. ओव्हरसियर म्हणाले, काँट्रॅक्टरचा. तिघांनीही चहा पाजला. माझं वजन वाढतंय. अंबूबाईला सांगितलं, वरपर्यंत गेलंय.

३ एप्रिल
हल्ली बाहेरच जेवतो. हवा चांगली असते. खोलीत पाऊल ठेवलं की खाट करकरते, जणू कोणी उठून मला जागा देतंय. घाबरलेलो नाही. अंबूबाई रोज येऊन बसते. विचारत काही नाही. तेच अवघड जातं.

१८ एप्रिल, भोरचा दवाखाना
काल सुरुंगाचा दगड पायावर आला. किरकोळ. हाड मोडलंय एवढंच. शेटची जीप उभी होती, पण त्यांना पुण्याला मीटिंग. निघताना चिमाजीला म्हणाले, याची खोली रिकामी करून घ्या. घाईत बोलले असतील.
अंबूबाईनं दोघा गड्यांकडून मला उचलवून एसटीत घातलं, स्वतःही बसली. नसरापूरपर्यंत गाडी नुसती आदळत होती. म्हणाली, भाऊ, आता तुमी बी आमच्यातलंच. मी सांगितलं, बाई, मी स्टाफ आहे.
गचके लागू नयेत म्हणून तिनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला.